सरकी

एकतीस वर्षं मी कापूस बोटांनी वाचला.
चिमूट घ्यायची, दोन अंगठ्यांत धरून ओढायची:
धागा किती, ओल किती, पत्ती किती,
आणि कोणाच्या गाडीत मधोमध कवडी दडवलीय.
मग हिंगणघाटच्या जिनिंगात यंत्र आलं.
ते चिमूट खातं, आकडा देतं.
बोटं माझ्यासोबत वडनेरला घरी आली.

कुत्रं घ्यायचं, हे प्रभावतीच्या मनात कुठून आलं माहीत नाही.
"राखणीले नाही," ती म्हणाली, "बोलाले."
मी होतोच की घरात.

नागपुरात, मानेवाड्याकडं, तिसऱ्या माळ्यावर,
प्लास्टिकच्या टबात चार पिल्लं.
बाई म्हणाल्या, आधी आई पाहून घ्या,
लशीचा कागद पाहा, डोळे वाहतात का ते पाहा.
एक पिल्लू लगेच मांडीवर चढलं, प्रभावती विरघळली.
एक झोपलेलं. एक माझ्या चपलेच्या मागं.
मी सवयीनं एकेकाच्या पाठीवरची चिमूट धरली
आणि जराशी ओढली.
"अहो काका, हा काय माल आहे?"
मांडीवरच्यानं काही म्हटलं नाही.
झोपलेल्यानं, चपलेवाल्यानंही नाही.
चौथी, सगळ्यांत लहान, टबाच्या कडेला,
तिनं वळून माझ्या अंगठ्याला दात लावले.
हीच, मी म्हणालो.
पांढऱ्या रुईत दोन काळे डोळे.
नाव शोधावं लागलं नाही.

जामपर्यंत पिशवीत गप्प. मग कंडक्टरच्या बुटावर ओकली.

पानठेल्यावर रुपराव म्हणे,
"भाऊ, याचं तोंड कोन्या अंगाचं हाये?"
गावची कुत्री चार दिवस हुंगून बुचकळ्यात,
पाचव्या दिवशी त्यांनी तिला माणसांत धरलं.

केस रोज निंदावे लागतात, हे कोणी बोललं नव्हतं.
कानामागं गाठी, काखेत गाठी,
पोटाखाली तर विचारूच नका.
वर गोखरू. वर कुसळं,
पंजाच्या फटीत शिरली की आत आत चालत जातात.
फणी मुळापासून घातली तर किंचाळते;
टोकापासून सुरू करायचं,
गाठीच्या वरचे केस चिमटीत धरायचे,
म्हणजे ओढ कातडीला लागत नाही.
हयात गाठी मोजण्यात गेली माझी,
जिनिंगातल्या, दोरखंडानं आवळलेल्या.
सोडवायला आत्ता शिकलो.

मे महिन्यात पारा सत्तेचाळीसला.
काशीनाथ वाटकरला मशीन घेऊन बोलावलं,
म्हटलं, सफाचट कर.
शेजारी वासराला टोचायला आलेले डॉक्टर मेश्राम
कुंपणावरूनच ओरडले,
"मुळापासून नका काढू हो, कातडी भाजंल!
कैचीनं कमी करा, सावली राहू द्या तिची तिले."
मग कैची. मग ओलं पोतं.
माठाखालची ठिबकती जागा तिनं स्वतःच हेरली,
आणि प्रभावतीनं माठ तिच्या नावावर करून
स्वतःसाठी दुसरा आणला.

आता दोन वर्षं झाली,
साखरेनं बोटांची टोकं बधिर केली आहेत.
कपबशी हातात आहे की नाही, पाहून ठरवतो.
प्रभावतीला सांगितलं नाही. तिला कळलंय.
ती सरकीला म्हणते,
"सांग तुह्या बाबाले, गोळी घ्या म्हना."
सरकी माझ्याकडं पाहते. मी गोळी घेतो.

दिवेलागणीला ओट्यावर बसतो, फणी घेऊन.
डोळ्यांचे कोपरे कोमट पाण्यानं,
कपाळावरचे केस जुन्या लाल रिबिनीत वर.
मग पाठ. मग काख.
केस बोटांतून जातात
आणि मला काहीच कळत नाही,
ना धागा, ना ओल.
मी तसाच चाचपत राहतो.
मधेच ती वळते,
अंगठ्याच्या मुळाशी, जिथं अजून कळतं,
दात लावते.
चावत नाही, नुसते लावते.
तिथं थांबतो.
तिथं गाठ असते.